सोळावा आणा

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय की व्हायचंय हेही विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमच्या गावची माती कसली?"

मी कोकणातला. "तांबडी," म्हणालो.

"कातळ किती हातांवर लागतो?"

"खाली जावंच लागत नाही. वरच असतो."

घरातलं कुणी गेल्याचं कळावं तशी त्यांनी हळहळून मान हलवली. "चार आणे," ते म्हणाले. "पण त्यात तुमचा काय कसूर? आणा सामान."

अशा रीतीने मी औरंगाबादेत चार आण्यांचा माणूस म्हणून राहायला लागलो. पोलीस अ‍ॅक्शन होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. उर्दू शाळा एकेक करून मराठी होत होत्या, मराठीतून शिकवणारे मास्तर कमी पडत होते, म्हणून माझ्यासारखा नवखा माणूस थेट हायस्कूलात इतिहासाचा मास्तर झाला होता. घरमालकांना सगळा मोहल्ला चाचा म्हणायचा. मीही म्हणायला लागलो. ते मला कायम 'मास्तर' म्हणाले, आणि मी चुकलो की 'चार आणे'.

चाचांची उभी हयात निजामाच्या, शेतसारा ठरवणाऱ्या बंदोबस्त खात्यात गेली होती. काम प्रतबंदीचं, म्हणजे शेतजमिनीची प्रत ठरवायची. शेतात जायचं, कुदळीनं खड्डा घ्यायचा, माती किती खोल आहे ते काठीनं मोजायचं, रंग बघायचा, आणि मग दोष काढायचे. चुनखडी असली तर एक दोष. पाणी साचत असलं तर एक दोष. उतार असला तर आणखी एक. सोळा आण्यांपासून सुरुवात करायची, दोषागणिक आणा कापत जायचं आणि उरतील तेवढे कागदावर लिहायचे. त्यावरून सरकारचा सारा बसायचा. चाचा याशिवाय चिमूटभर माती जिभेवरही ठेवायचे. ते खात्याच्या नियमांत नव्हतं, पण चाचांचा खात्यापेक्षा जिभेवर विश्वास जास्त होता.

पेन्शन झाली, कुदळ कोपऱ्यात गेली, पण दोष काढायची सवय गेली नाही. सकाळच्या चहाला चौदा आणे. जुम्म्याच्या खुतब्याला, म्हणजे नमाजाच्या प्रवचनाला, तेरा, कारण लांबला. समोरच्या घड्याळजीच्या नव्या जावयाला नऊ, "वरची माती चांगली हाय, पण खाली मुरूम लागतो." नव्या पैशांची नाणी आली तेव्हा सगळं शहर हिशोबात गोंधळलं होतं, चाचा मात्र खरोखर दुखावले. पोस्टातल्या कारकुनाला त्यांनी ऐकवलं, "तुमची तिकिटं विका खुशाल नव्या पैशात. माती मी नव्या पैशात मोजणार नाय." कारकून बिचारा म्हणाला, "चाचा, माती मोजायला सांगितलंय कुणी?"

सोळा आणे मात्र त्यांनी कशालाच दिले नव्हते. एवढ्या वर्षांत हजारो खड्डे घेतले, पण एका जमिनीला नाही. "दोष असतोच," ते म्हणायचे. "दिसला नाय तर आपण नीट बघितलं नाय." चाचींना पंधरा होते. एक आणा रागापायी कापलेला. तो कापल्याचं चाचींना ठाऊक होतं, त्यामुळे राग काही कमी होत नव्हता.

माझी आणि त्यांची खरी गट्टी जमली ती मिसरवरून, म्हणजे इजिप्तवरून. एका रविवारी सकाळी मी पडवीत धडा मोठ्यानं वाचत होतो. प्राचीन संस्कृतींचा धडा होता. मिसरचे राजे, त्यांचे पिरॅमिड, त्यांच्या लढाया. चाचा आतून लुंगी सावरत आले.

"मास्तर, हा राजा खात काय होता?"

"म्हणजे?"

"पिरॅमिड बांधायला हजारो माणसं लावली म्हणता. ती माणसं शेतात नव्हती. मग त्यांच्या वाटची भाकर कुठून आली? ते सांगा आधी. राजाचं मग बघू."

माझ्या धड्यात भाकरीचा उल्लेख नव्हता. तसं मी सांगितलं.

"तर मग तुमच्या पुस्तकाला सहा आणे," चाचा म्हणाले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. मग त्यांनी जो धडा घेतला तो मी पुढं तीस वर्षं वर्गात जसाच्या तसा वापरला. मिसरची नदी दर साली ठरल्या वेळी फुगते, शेतात गाळ टाकते आणि शहाण्यासारखी मागे जाते. गाळ लोण्यासारखा. लाकडाचं खोड फिरवलं तरी पेरता येतं. एक माणूस पेरतो आणि चार माणसांचं पिकवतो, मग उरलेले तिघं काय करतील? एक मडकी घडवील, एक हिशोब लिहील आणि एक राजा होऊन बाकीच्यांवर ओरडेल. "आधी गाळ, मग कोठार, मग राजा," चाचा म्हणाले. "कोठाराला पहारा लागतो ना. पहारेकरीच पुढं महाराज झाला."

मग त्यांनी भराभर प्रतबंदी केली. मिसर साडेपंधरा, पाऊस नाही हा दोष, पण नदीनं अर्धा भरून काढला. इराकच्या दोन नद्यांचा मुलूख तेरा. पूर अवेळी येतो, पाणी दिलं की जमिनीतलं मीठ वर येतं, आणि शेजारी भांडखोर. सिंध चौदा, माती उत्तम, पण नदी घर बदलत फिरते.

"आणि आपली गोदावरी?" मी विचारलं.

चाचांचा चेहरा खुलला. "आपली काळी माती लई मानी. पावसात हात लावू देत नाय, उन्हात फाटते. लाकडाच्या नांगराला ती भीक घालत नाय. लोखंडाचा फाळ आला तेव्हा कुठं वळली. म्हणून आपल्याकडं मोठी शहरं उशिरा आली, मास्तर. लोक मागास नव्हते. माती कडक होती." हे सांगताना त्यांच्या आवाजात एखाद्या हट्टी लेकीबद्दलचा अभिमान होता.

अंगणात त्यांच्या चार कुंड्या होत्या. एकीत गोदावरीची माती, पैठणहून आणलेली. एकीत इराकच्या फुरात नदीकाठची, तिकडं जियारतीच्या यात्रेला गेलेल्या शेजाऱ्यानं बाटलीतून आणलेली. सिंधची माती कराचीला गेलेला मेहुणा पत्रागणिक चिमूट-चिमूट पाठवायचा; पत्र उघडताना चाचा खाली परात धरायचे आणि मजकूर मग वाचायचे. मिसरला जाणारं मात्र कुणी भेटेना. ती कुंडी साध्या मातीनं भरून, वर खडूनं 'मिसर' लिहून ठेवलेली होती. एकदा चाचींनी तीत पुदिना लावला. चाचा रागावले तेव्हा चाची शांतपणे म्हणाल्या, "कायकू चिल्लातैं? मिसर खाली पडा था, मैं आबाद करी."

एका दुपारी त्या कुंड्यांपाशीच चाचांनी मला मनातली गोष्ट सांगितली. हसत सुरुवात केली, पण हसू टिकलं नाही.

तरणेपणी ते लासूर स्टेशनाच्या पुढं, शिवना नदीकाठच्या एका गावी प्रतबंदीला गेले होते. एका शेताच्या कडेला पांढरीचं टेकाड होतं. तिकडं पांढरी म्हणजे जुन्या उजाड वस्तीची माती. भिंती ढासळतात, चुलींची राख साचते, आणि शेकडो वर्षांनी तिचं टेकाड होतं. शेतकरी उन्हाळ्यात ती गाड्या भरभरून खत म्हणून रानात टाकतात. चाचांनी नेमका तिथं खड्डा घेतला.

"माती निघाली राखाडी. सवयीनं जिभेवर ठेवली. दाताखाली कचकन काय तरी आलं, म्हणून थुंकलो. बघतो तर दाणा. करपून कोळसा झालेला. बुटानं उडवला आणि कागदावर लिहिलं: पांढरी, राखाड, चार आणे."

पुढं कैक वर्षांनी मुलाच्या उर्दू पुस्तकात त्यांनी वाचलं, की इराकात जुन्या घरांच्या ढिगाऱ्यात जळालेलं धान्य सापडतं आणि त्यावरून तिथले लोक काय पिकवत होते ते कळतं. साधा दाणा कुजून जातो, जळालेला राहतो.

"राजाचं नाव राहिलं ते दगडावर कोरलं म्हणून," चाचा म्हणाले. "त्या घरातल्या कुण्या बाईचा दाणा राहिला तो करपला म्हणून. हजारो वर्षं राहिला, मास्तर. माझी वाट बघत राहिला. आणि मी तो थुंकलो."

"मग परत का नाही गेलात?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? आणि घाई काय होती? टेकाड कुठं पळून जातंय, म्हणलं." पैठणच्या मातीत बोट खुपसून ते म्हणाले, "एक दाणा बघायचाय. हातात धरून. तेवढं झालं की बास."

टेकाड पळून जात होतं. त्याच चैत्रात त्या गावचा एक जण ज्वारीची पोती घेऊन मोंढ्यात आला होता. चाचांनी सहज चौकशी केली. तो म्हणाला, "टेकाड? उरलंय कुठं जी आता. वाहून वाहून संपलं. ऐतवारी उरलंसुरलं न्यायचंय, सहा गाड्या सांगितल्यात."

शनिवारी संध्याकाळी चाचा माझ्या दारात उभे. हातात कुदळ, खुणांची जुनी काठी आणि चाचींची पिठाची चाळणी.

"चाचींना विचारलंत?"

"तिला नंतर कळेल," चाचा म्हणाले. इतक्या धाडसाचं बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. मीटरगेजची ती गाडी दौलताबादला दम खायची, पोटूळला पुन्हा दम खायची. चाचा खिडकीला नाक लावून प्रत्येक शेताला आणे देत होते. लासूरला उतरून बैलगाडी केली. शेतावर पोचलो तर सहा गाड्या खरोखरच भरून उभ्या होत्या आणि टेकाडाचा जेमतेम दोन खाटांएवढा तुकडा शिल्लक होता. गाड्यांपुढं पदर खोचून एक साठी उलटलेली बाई उभी होती. सगळे तिला जिजी म्हणत होते. शेत तिचं.

चाचांनी टोपी नीट केली आणि आपण कोण ते सांगितलं. जिजीनं डोळे बारीक केले.

"म्हंजे ते चार आणेवाले साहेब तुम्हीच?"

चाचांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ही बाई यांना कुदळीसकट पिटाळून लावते.

"अवो बसा की मग!" जिजी ओरडली. "आमचे मालक जन्मभर नाव घ्यायचे तुमचं. तुम्ही चार आणे लिवलं म्हणून सारा कमी बसला. नायतर ह्या रानाची प्रत काय कमी हाय का? आता वाढवायला आलाव तर मात्र पाणी बी मिळणार नाय."

"वाढवायला नाय आलो, जिजी. दाणा शोधायला आलोय." आणि चाचांनी तिथंच उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली, थुंकल्यासकट. गाडीवाले हसले. जिजी हसली नाही.

"गाड्यांचा खोळंबा व्हतोय," ती म्हणाली. "ह्यो एवढा तुकडा सोडते. बाकीची माती टाकून गाड्या भाकरीच्या वक्ताला माघारी येतील, तवर तुमचा. नंतर कपाशीच्या रानात जाणार."

ऊन चढायला लागलं होतं. चाचा खणत होते, मी चाळत होतो. मोजायच्या काठीनं ते थरांच्या खुणा करत होते आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस गुडघ्यांवर रांगत बोटांनी माती फोडत होता. खापरं निघाली, काळ्या रेघा काढलेली तांबडी खापरं. शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. हाडं निघाली, वाटायचा एक गुळगुळीत दगड निघाला. दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. चाचा एकेक वस्तू बाजूला मांडायचे आणि पुन्हा मातीत बघायचे. दाणा नव्हता. दोन-तीनदा त्यांनी माती जिभेवर ठेवली आणि अगदी हळू, दात न लावता चघळून पाहिली. मला त्यांच्याकडं बघवेना.

गाड्यांची घुंगरं ऐकू आली. पाठोपाठ डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन जिजी आली.

"घावला?"

चाचांनी नुसती मान हलवली. कुदळ खाली ठेवली आणि गुडघे झाडले. "द्या वाहून," ते म्हणाले. "माझा हक्क तेव्हाच गेला."

जिजीनं टोपलं उतरवलं आणि आमच्या खड्ड्यात डोकावली. मग कपाळावर हात मारला.

"अवो साहेब, जमीन धुंडाळल्यावानी काय धुंडाळताय? हे घर हाय! घरात दाणा कुठं पडतो? चुलीपाशी." ती थेट खड्ड्यात उतरली. एका बाजूला माती विटेसारखी लाल झाली होती. चाचांनी तिथं काठीनं 'भाजलेली, एक वीत' अशी खूण करून ठेवली होती. जिजीनं त्यावर हात फिरवला. "ही बगा चूल. वारा मावळतीकडून येतो, म्हंजे चुलीचं तोंड तिकडं नसणार. इकडं असल. मग बाई बसायची ती हितं."

आणि ती बसली. चक्क त्या लाल मातीसमोर, आपल्या घरात बसावी तशी, एक गुडघा उभा करून. उजवा हात तिनं चुलीवर धरला आणि काही न बघता डावा हात मागे झटकला, पोरीबाळी शिकलेल्या असतात त्या सवयीनं.

"चुलीवरचं बिघडलं की असं टाकायचं. लगोलग, सासू बगायच्या आत." तिचा हात पडला होता तिथं तिनं बोट दाखवलं. "हितं उकरा."

चाचांनी कुदळ घेतली नाही. बोटांनीच उकरलं. चार बोटं खाली राखेचा एक काळा पट्टा लागला. मी चाळणी धरली. माती खाली गेली आणि जाळीवर पंधरा-वीस काळे दाणे राहिले.

जिजीनं एक दाणा उचलून तळव्यावर फिरवला. "जव हाय," ती म्हणाली. "खापरात भाजाय टाकले असतील."

चाचांनी एक दाणा घेतला. दाणा उन्हात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की मीही वेड्यासारखा हसायला लागलो. गाडीवाले चाबूक खांद्यावर टाकून जवळ आले. त्यांनाही कळलं असावं की आता आणे मिळणार आहेत.

"पंधरा," चाचा म्हणाले.

"आणि एक कशापायी कापला?" जिजीनं विचारलं.

"करपलाय ना. दोष हाय तो."

जिजी खड्ड्यात उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले. "व्हय का? एवढ्या वर्षांनी बाईच्या घरात शिरलाव, तिची चूल उकरलीत, आणि दिसलं काय तर करपलेलं! ती उगं उठली असल का चुलीपासनं? लेकरू रडलं असल. तुम्ही असताव तर काय केलं असतं? लेकराला रडत ठिवून दाणं हलवत बसला असताव?"

चाचा त्या लाल मातीकडं बघत राहिले. मग पलीकडं, जिथं बहुधा पाळणा असावा किंवा नसावा, तिथंही बघितलं. हयातभर दोष काढलेला माणूस खूप वेळ विचार करत होता आणि आम्ही सगळे उन्हात थांबलो होतो.

"उठलो असतो," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

चाचांनी दाणा मुठीत घेतला. "सोळा," ते म्हणाले. "पुरे सोळा."

"आता कसं बोललात," जिजी म्हणाली, आणि वर येऊन टोपलं सोडायला लागली. "बसा, भाकर खाऊन घ्या. आणि गाड्यावाल्यांनो, ह्यो तुकडा ऱ्हाऊ द्या तसाच. हितं कुणाचं तरी घर हाय."